‘जीए’ म्हणजे गोवाच असं नाही: देश-राज्यांचे कोड भरायला शिकणाऱ्यांसाठी

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, आणि बाजाराचा दिवस म्हणजे माझ्या दुकानातला अर्जांचा दिवस. पेडण्याकडची, बार्देशातली माणसं खरेदीला येतात आणि जाता जाता कागदांची कामं उरकून घेतात. कुणाला कुवेतला मुलाकडे जन्मदाखला पाठवायचा असतो, कुणाला मुलीच्या विद्यापीठाचा अर्ज भरायचा असतो. अशाच एका शुक्रवारी एक काका स्वतः भरलेला अर्ज घेऊन आले. ‘‘बाय, देशाचा कोड विचारलाय तिथं सगळीकडे ९१ घातलंय. एकदा बघून घे.’’

अर्जात तीन ठिकाणी कोड मागितला होता. फोन नंबराच्या आधी ९१ हवंच होतं. नागरिकत्वाच्या रकान्यात मात्र तीन अक्षरं हवी होती आणि पत्त्याच्या रकान्यात दोन. तिन्ही रकान्यांवर छापलेलं नाव एकच, ‘कंट्री कोड’. काकांना दोष कसा द्यायचा? ज्यानं अर्ज छापला त्यानं कुठली यादी वापरायची हे लिहिलंच नव्हतं.

हा लेख काकांसाठी आहेच, पण त्याहून जास्त तो नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. कुणी कुरिअरच्या काउंटरवर असेल, कुणी कळंगुटच्या गेस्ट हाऊसच्या रिसेप्शनवर, कुणी वास्कोच्या शिपिंग ऑफिसात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून एक सवय लावते. कोड दिसला की आधी विचारायचं, हा कुठल्या यादीतला? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पेन टेकवायचं नाही.

एक सूचना. इथं मी कोडची अक्षरं उच्चारांप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. अर्जावर ती इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायची.

पायरी १: अक्षरं मोजा

बहुतेक परदेशी अर्ज, कुरिअरचे फॉर्म, विमान कंपन्या आणि बँका ज्या यादीवर चालतात ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची, यादीचं नाव आयएसओ ३१६६. ती पहिल्यांदा १९७४ मध्ये निघाली. पुढे १९९७ ते १९९९ या काळात तिचे तीन भाग झाले. पहिला भाग देशांचा, दुसरा देशाच्या आतल्या राज्या-प्रांतांचा आणि तिसरा जुन्या, रद्द झालेल्या नावांचा. तुमचं नव्वद टक्के काम पहिल्या दोन भागांत भागतं.

पहिल्या भागात प्रत्येक देशाला तीन कोड आहेत. एक दोन अक्षरांचा, एक तीन अक्षरांचा, एक तीन आकड्यांचा. भारताचे आयएन, आयएनडी आणि ३५६. पोर्तुगालचे पीटी, पीआरटी आणि ६२०. तेव्हा रकान्यात किती चौकोन आहेत ते आधी मोजा. दोन चौकोन असतील तर आयएन, तीन असतील आणि अक्षरं चालत असतील तर आयएनडी. रकाना फक्त आकडे घेत असेल तर ३५६ लिहून बघा, पण त्याआधी तो फोनचा रकाना तर नाही ना, याची खात्री करून घ्या.

एकाच देशाला तीन कोड कशाला, असं मुलं हमखास विचारतात. दोन अक्षरांचा कोड आटोपशीर, म्हणून पार्सलच्या लेबलवर, बँकेच्या व्यवहारात आणि इंटरनेटच्या पत्त्यांत तोच चालतो. तीन अक्षरांवरून देशाचं नाव सहज ओळखता येतं, म्हणून पासपोर्टवर तो असतो. आणि आकड्यांचा कोड मला तिन्हींत सर्वांत आवडतो. अरबी वाचणारा, चिनी वाचणारा आणि आपण देवनागरी वाचणारे, सगळ्यांना ३५६ म्हणजे भारतच. त्यासाठी रोमन लिपी यावी लागत नाही. हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाकडून येतात.

या यादीत २४९ नावं आहेत आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३. फरक पडतो कारण यादीत स्वतंत्र देशांखेरीज वेगळी नोंद लागणारे प्रदेशही आहेत. मकाव हा चीनचा भाग, तरी त्याला एमओ आहे. हाँगकाँगला एचके. माणसांची कायमची वस्ती नसलेल्या अंटार्क्टिकालासुद्धा एक्यू आहे. म्हणून ‘यादीत आहे म्हणजे देश आहे’ असं धरून चालू नका. कोण देश आणि कोण नाही हे आयएसओ ठरवत नाही.

पायरी २: पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी वाचा

ही पायरी नीट शिकलात तर अर्ध्या चुका होणारच नाहीत. गेस्ट हाऊसमध्ये काम करणाऱ्यांनी तर ही पाठच करावी, कारण परदेशी पाहुणा आला की त्याची नोंद २४ तासांत करावी लागते आणि तिथं नागरिकत्व चुकलं की पाहुण्यालाही त्रास आणि मालकालाही.

पासपोर्टचं फोटो असलेलं पान उघडा. अगदी खाली दोन लांब ओळी असतात. अक्षरं, आकडे आणि मधे मधे टोकदार कंस. प्रत्येक ओळीत ४४ जागा असतात. वरच्या ओळीत पहिलं अक्षर पी, म्हणजे पासपोर्ट. भारतीय पासपोर्टवर बहुतेकदा दुसऱ्या जागी कंस दिसतो. तिसऱ्या जागेपासून तीन अक्षरं म्हणजे पासपोर्ट कुणी दिला त्या देशाचा कोड. आपल्या पासपोर्टवर तिथं आयएनडी. त्यापुढं आडनाव, मग दोन कंस, मग नाव.

आता खालची ओळ. पहिल्या नऊ जागा पासपोर्ट नंबरच्या. आपला नंबर एक अक्षर आणि सात आकडे असा आठचाच असतो, म्हणून नववी जागा कंसानं भरलेली दिसेल. दहावा आकडा नंबर बरोबर वाचला की नाही ते तपासण्यासाठी. अकरा, बारा आणि तेरा या तीन जागांवर जे लिहिलंय ते नागरिकत्व. त्यापुढं जन्मतारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

वरच्या ओळीतला देश आणि खालच्या ओळीतलं नागरिकत्व बहुतेक वेळा एकच असतं, पण नेहमी नाही. एखादा देश निर्वासिताला प्रवासाचा कागद देतो तेव्हा वर त्या देशाचा कोड येतो आणि खाली निर्वासितासाठीचा वेगळा कोड. म्हणून नागरिकत्वाचा रकाना खालच्या ओळीवरूनच भरायचा. आणखी एक. पासपोर्टवर आयएसओच्या यादीबाहेरचेही थोडे कोड दिसतात. जर्मनीचा तीन अक्षरी कोड डीईयू, पण जर्मन पासपोर्टवर नुसतं डी आणि पुढं दोन कंस असतात. अर्जात मात्र डीईयू निवडावं लागतं.

गोव्यात ही पायरी जास्तच महत्त्वाची आहे. समोरचा पाहुणा आपल्याशी कोकणीत बोलतो, चवथीला किंवा नाताळला घरी आलेला असतो, आणि हातात पोर्तुगालचा पासपोर्ट असतो. अशा वेळी चेहरा आणि भाषा बघून आयएनडी लिहिलं जातं. खालच्या ओळीत पीआरटी असेल तर नागरिकत्व पीआरटीच. त्याचा जन्म गोव्यातला असला तरी तो जन्मस्थळाचा रकाना झाला. जन्माचा देश आणि नागरिकत्व ही दोन वेगळी घरं आहेत, एकातलं दुसऱ्यात टाकू नका.

पायरी ३: कोड आठवून लिहू नका, बघून लिहा

इथं माझी एक चूक सांगते. दुकान सुरू करून वर्षही झालं नव्हतं. एका बाईंना मेलबर्नला मुलीकडे कागद पाठवायचे होते, मूळ गुणपत्रिका. मुलीला त्या विद्यापीठात दाखवायच्या होत्या, तारीख जवळ आली होती. मी पत्ता नीट लिहिला, पिनकोडसारखा तिथला नंबर लिहिला, आणि देशाच्या दोन चौकोनांत एटी लिहिलं. ऑस्ट्रेलियातल्या ‘टी’चा आवाज डोक्यात होता बहुतेक. एटी म्हणजे ऑस्ट्रिया. ऑस्ट्रेलिया एयू. पत्ता एका देशाचा आणि कोड दुसऱ्या देशाचा, त्यामुळे पाकीट मधेच अडकून पडलं. त्या बाई रोज संध्याकाळी यायच्या, काही न बोलता बाकावर बसायच्या आणि मी फोन लावायची. पाकीट अखेर पोचलं, पण ते नऊ दिवस मी विसरले नाही. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली यादी आहे आणि रोज लिहायचा कोडसुद्धा मी बघूनच लिहिते.

आपल्याकडून जिकडे सर्वांत जास्त कागद जातात ते आधी लिहून घ्या. कुवेत केडब्ल्यू, तीन अक्षरी केडब्ल्यूटी. संयुक्त अरब अमिराती एई, तीन अक्षरी एआरई. इथं लोक हमखास यूएई लिहितात, कारण बोलताना आपण तेच म्हणतो. कतार क्यूए, क्यूएटी. ओमान ओएम, ओएमएन. बहारीन बीएच, बीएचआर. सौदी अरेबिया एसए, एसएयू. कॅनडा सीए, सीएएन.

इंग्लंडला कागद पाठवताना यूके लिहिलं तरी पोचतात, पण यादीतला कोड जीबी आहे, तीन अक्षरी जीबीआर. यूके ही अक्षरं आयएसओनं खास राखून ठेवली आहेत, म्हणजे दुसऱ्या कुणाला देणार नाही, पण अधिकृत कोड म्हणून ती दिलेली नाहीत. त्या देशाच्या वेबसाइटच्या शेवटी मात्र यूकेच असतं. अर्जात यूके सापडत नसेल तर जीबी शोधा.

काही कोड इंग्रजी नावावरून येतच नाहीत. स्वित्झर्लंड सीएच, कारण त्याचं लॅटिन नाव कॉन्फेडराशिओ हेल्वेटिका. जर्मनी डीई, डॉइचलँडवरून. स्पेन ईएस, एस्पान्यावरून. क्रोएशिया एचआर, ह्रवात्स्कावरून. त्या देशातली माणसं स्वतःच्या देशाला काय म्हणतात ते त्या दोन अक्षरांत जपलेलं आहे. मला हे फार छान वाटतं.

पायरी ४: राज्याचा कोड, आणि गोव्याचा ‘जीए’

आता घरचा विषय. आयएसओ ३१६६ च्या दुसऱ्या भागात प्रत्येक देशाच्या आतले भाग येतात. रचना सोपी आहे. आधी देशाचा दोन अक्षरी कोड, मग आडवी रेघ, मग भागाचा कोड. भागाच्या कोडला एक ते तीन अक्षरं किंवा आकडे असू शकतात. आपलं राज्य आयएन-जीए. शेजारचं महाराष्ट्र आयएन-एमएच, कर्नाटक आयएन-केए.

रेघेच्या आधीचं ‘आयएन’ शोभेसाठी नाही. ते काढलं की अर्थच बदलतो. नुसतं जीए म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा गॅबॉन, राजधानी लिब्रेव्हिल. यूएस-जीए म्हणजे अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य. आणि जॉर्जिया नावाचा स्वतंत्र देश, तिबिलिसी राजधानी असलेला, त्याचा कोड जीई. तुम्ही एखाद्या परदेशी फॉर्मवर देशाच्या रकान्यात चुकून जीए लिहिलं, तर संगणक त्याला चूक म्हणणारच नाही. गॅबॉन म्हणून तो निमूटपणे पुढं जाईल. नवख्यांच्या हातून ही चूक झाली की ती उशिरा सापडते, याचं कारण हेच.

आपल्या बऱ्याच राज्यांची हीच गत आहे. एमएच देश म्हणून मार्शल बेटं. बिहारचा बीआर म्हणजे ब्राझील, तामिळनाडूचा टीएन म्हणजे ट्युनिशिया, मेघालयाचा एमएल म्हणजे माली, नागालँडचा एनएल म्हणजे नेदरलँड्स, मिझोरमचा एमझेड म्हणजे मोझांबिक, लडाखचा एलए म्हणजे लाओस. आणि उलट बाजूनं पाहिलं तर आपला आयएन अमेरिकेत इंडियाना राज्याचा, तिथं तो यूएस-आयएन असा लिहितात. कॅनडाचा सीए तिथं कॅलिफोर्निया. म्हणून राज्याच्या रकान्यात काय लिहायचं ते देशाचा रकाना भरल्यावरच ठरवा. चांगल्या फॉर्ममध्ये देश निवडल्यावर राज्यांची यादी आपोआप बदलते. बदलली नाही तर थांबून पुन्हा बघा.

भारतासाठी यादीत सध्या ३६ नोंदी आहेत, २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश. जिल्हे, तालुके, पंचायती यांचे कोड इथं नाहीत. उत्तर गोवा, बार्देश असं काही आयएसओच्या यादीत शोधत बसू नका. ते हवं असेल तर भारत सरकारच्या पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका आहे, तिचे आकडे वेगळे.

यादी बदलतेही. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले, तेव्हा डीएन आणि डीडी हे दोन्ही जाऊन आयएन-डीएच आला. दमण-दीवशी आपलं जुनं नातं, ३० मे १९८७ ला गोवा राज्य होईपर्यंत आपण एकाच केंद्रशासित प्रदेशात होतो. त्यामुळे जुन्या फायलींत डीडी दिसला की आमच्याकडे तो लगेच ओळखू येतो, पण नव्या अर्जात तो चालत नाही. २०२३ मध्ये ओडिशाचा ओआर बदलून ओडी झाला, छत्तीसगडचा सीटी बदलून सीजी, उत्तराखंडचा यूटी बदलून यूके. पाच वर्षांपूर्वी उतरवून घेतलेली यादी वापरत असाल तर ती आजच टाकून द्या.

दुसऱ्या देशांत हेच भाग कसे लिहितात ते थोडक्यात. अमिरातीत दुबई एई-डीयू, शारजा एई-एसएच, आणि अबू धाबी एई-एझेड. पोर्तुगालमध्ये अक्षरं नाहीत, आकडे आहेत, लिस्बन पीटी-११. ब्रिटनमध्ये इंग्लंड जीबी-ईएनजी, आणि गोव्याची पुष्कळ कुटुंबं जिथं स्थायिक झाली ते स्विंडन जीबी-एसडब्ल्यूडी.

पायरी ५: दुसऱ्या याद्या ओळखा

कोडसारखं दिसणारं सगळं आयएसओ ३१६६ मधलं नसतं. पोर्तुगालला फोन लावताना ३५१, पण आयएसओचा आकडा ६२०. भारताचा आयएसओ आकडा ३५६, आणि फोनवर अधिक चिन्ह लावून ३५६ फिरवलं तर माल्टाला लागेल. फोनचे आकडे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडून येतात, त्यांचा या यादीशी संबंध नाही.

फुटबॉल बघणाऱ्यांनी, म्हणजे अर्ध्या गोव्यानं, इथं सावध राहावं. सामन्याच्या गुणफलकावर पोर्तुगाल पीओआर दिसतो, अर्जावर पीआरटी. गुणफलकावर जर्मनी जीईआर, अर्जावर डीईयू. नेदरलँड्स तिथं एनईडी, इथं एनएलडी. सर्वांत मोठा खड्डा बहारीनचा आहे. ऑलिंपिकमध्ये बहारीनला बीआरएन लिहितात, आणि आयएसओत बीआरएन म्हणजे ब्रुनेई.

गोव्याच्या स्वतःच्याही किती ओळखी आहेत बघा. म्हापशाची गाडी जीए-०३ नं सुरू होते, जीएसटी नंबर ३० नं, पिनकोड ४०३ नं. दाबोळी विमानतळ जीओआय, मोपाचा जीओएक्स. गाडीचा जीए आणि आयएसओचा जीए सध्या जुळतात, म्हणून गाडीची पाटी बघून इतर राज्यांचा कोड लिहायचा मोह होतो. तेलंगणानं २०२४ मध्ये गाड्यांसाठी टीएस सोडून टीजी घेतलं. तसं करताना राज्य सरकारला आयएसओला विचारावं लागत नाही. पाटी पाटीच्या जागी राहू द्या.

वास्कोला शिपिंगमध्ये लागलेल्यांसाठी एवढंच. बंदरांचे पाच अक्षरी कोड असतात, त्यातली पहिली दोन अक्षरं आयएसओच्या देशाची. मुरगाव आयएनएमआरएम, न्हावा शेवा आयएनएनएसए. पहिली दोन वाचली की बंदर कुठल्या देशात ते कळलं.

भाषेचे कोड ही आणखी वेगळी यादी, आयएसओ ६३९. मराठीचा एमआर, आणि देश म्हणून एमआर म्हणजे मॉरिटानिया. कोकणीला तिथं दोन अक्षरी कोड नाही, तीन अक्षरी केओके आहे. मोबाईलच्या किंवा संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘एमआर-आयएन’ दिसलं तर आधी भाषा, मग देश. भारतातलं मराठी. राज्याच्या कोडसारखी रेघ असली तरी क्रम वेगळा आहे.

पायरी ६: पैसे पाठवताना कोड वाचून बघा

परदेशातून पैसे मागवणारे लोक लांब लांब नंबर घेऊन येतात आणि घाबरलेले असतात. त्या नंबरांत देशाचा कोड कुठं बसलाय ते कळलं की भीती निम्मी होते.

बँकेचा स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा. त्यातलं पाचवं आणि सहावं अक्षर देशाचं. भारतातली बँक असेल तर तिथं आयएन हवंच. नसेल तर उतरवताना चूक झाली आहे किंवा तो दुसऱ्याच देशातल्या शाखेचा कोड आहे. आयएफएससी वेगळा, तो देशातल्या देशात चालतो, त्यात देश शोधू नका.

आयबॅन म्हणजे बऱ्याच देशांत चालणारा बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर. त्याची सुरुवातच देशाच्या दोन अक्षरांनी होते. पोर्तुगालचा पीटी ५० नं सुरू होतो आणि २५ अक्षरांचा असतो, अमिरातीचा २३, कुवेतचा ३०. मोजून बघा, एखादा आकडा गळला असेल तर लगेच सापडेल. भारतात आयबॅन नाही. परदेशातला फॉर्म भारतीय खात्यासाठी आयबॅन मागत असेल तर रकान्यात काहीतरी रचून भरू नका, स्विफ्ट आणि खाते नंबर कुठं द्यायचा ते पाठवणाऱ्याला विचारायला सांगा.

चलनांच्या कोडमध्येही देश लपलेला असतो. आयएनआर म्हणजे आयएन अधिक रुपयाचा आर. एईडी म्हणजे अमिरातीचा दिरहम, केडब्ल्यूडी कुवेतचा दिनार, ओएमआर ओमानचा रियाल, जीबीपी ब्रिटनचा पाउंड. जीबी का लक्षात ठेवायचा त्याचं आणखी एक कारण हे.

आणि एक जागा जी दुबई-शारजातून सुट्टीवर आलेल्या प्रत्येकाच्या खिशात असते. त्यांच्या एमिरेट्स आयडीचा नंबर ७८४ नं सुरू होतो. ७८४ हा अमिरातीचा आयएसओ आकडा. आकड्यांचा कोड कुणी वापरत नाही असं मुलांना वाटतं, तेव्हा मी त्यांना हे कार्ड दाखवते.

पायरी ७: एक्सेलमध्ये उतरवताना

कोडची यादी एक्सेलमध्ये टाइप करण्याआधी त्या स्तंभाचं स्वरूप ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर बहारीनचा ०४८ चा ४८ होतो, ऑस्ट्रेलियाचा ०३६ चा ३६, ब्राझीलचा ०७६ चा ७६. आधीचं शून्य हा कोडचा भाग आहे. तीन जागा म्हणजे तीन जागा.

नामिबियाचा कोड एनए. माहिती हाताळणाऱ्या काही प्रोग्रॅमना एनए म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’ असं वाटतं आणि नामिबियाच्या रकान्यात रिकामी जागा उरते. नॉर्वेचा एनओ काही ठिकाणी ‘नाही’ म्हणून वाचला जातो. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांनी एनओ अवतरणचिन्हांत लिहायची सवय लावून घ्यावी आणि नामिबियाचा रकाना रिकामा तर राहिला नाही ना, ते बघावं. ओ हे अक्षर आणि शून्य यांत गल्लत करू नका, आय आणि एक यांतही नाही.

कोड का बदलतात, हे एकदा समजून घ्या

हे रोज लागत नाही. पण जुना दाखला, जुना पासपोर्ट, जुनी फाईल समोर आली की लागतं, आणि आमच्याकडे तशा फायली पुष्कळ येतात.

देशाचं नाव बदललं तरी कोड बदलेलच असं नाही. तुर्कीनं २०२२ मध्ये इंग्रजीतलं नाव ‘तुर्किये’ करून घेतलं, कोड टीआरच राहिला. बर्माचा म्यानमार झाला तेव्हा मात्र १९८९ मध्ये बीयू जाऊन एमएम आला. पूर्व तिमोर, तीही एके काळची पोर्तुगीज वसाहत, २००२ मध्ये स्वतंत्र झाल्यावर टीपीचा टीएल झाला. अशी जुनी नावं तिसऱ्या भागात चार अक्षरी कोडनं जपलेली असतात. बर्मा ते म्यानमार बीयूएमएम, पूर्व तिमोर टीपीटीएल.

आकड्यांचा नियम निराळा. नुसतं नाव बदललं तर आकडा बदलत नाही, पण प्रदेश बदलला तर बदलतो. तिमोरचा ६२६ तसाच राहिला. सुदानमधून २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला तेव्हा सुदानचा ७३६ जाऊन ७२९ आला, अक्षरं मात्र एसडीच राहिली. जर्मनी एक झाल्यावर पश्चिमेचा २८० आणि पूर्वेचा २७८ दोन्ही गेले आणि २७६ आला.

सिक्कीमची गोष्ट आपल्या जवळची. पहिल्या यादीत सिक्कीमला देशाच्या रांगेत एसके, एसकेएम असे कोड होते. १९७५ मध्ये सिक्कीम भारतात आलं, ते कोड निघाले आणि तिसऱ्या भागात एसकेआयएन अशी नोंद राहिली. पुढे स्लोव्हाकिया स्वतंत्र झाला तेव्हा एसके त्याला मिळाला. आज एसके म्हणजे स्लोव्हाकिया, आणि आयएन-एसके म्हणजे सिक्कीम.

मग पोर्तुगीज काळातल्या गोव्याचा कोड कोणता, असं एका आजोबांनी मला विचारलं होतं, हातात १९५० च्या दशकातला जन्मदाखला घेऊन. तसा कोड नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि आयएसओची यादी १९७४ ची. तिसऱ्या भागातही फक्त १९७४ नंतर रद्द झालेली नावं आहेत. अशा अर्जात जन्मस्थळाचा रकाना हातातल्या पासपोर्टवर जसं छापलंय तसाच भरायचा, स्वतःहून इतिहास दुरुस्त करायला जायचं नाही. आजोबांना मी तेच सांगितलं आणि त्यांच्या पासपोर्टवरून अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं.

एक्सपासून सुरू होणारे दोन अक्षरी कोड, एक्सए ते एक्सझेड, आयएसओ कुणालाही देत नाही. ज्याला स्वतःच्या कामासाठी तात्पुरता कोड हवा त्यानं ते वापरावेत म्हणून मोकळे ठेवलेत. कोसोव्होसाठी एक्सके बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो असाच, अधिकृत यादीतला नाही. तुमच्या ऑफिसात एखाद्या गोष्टीला कोड हवा असेल तर या मोकळ्या जागेतलाच घ्या. रिकामा दिसतोय म्हणून दुसरा कुठला उचललात तर उद्या तो एखाद्या देशाला मिळू शकतो.

यादी कुठं बघायची

आयएसओचं मुख्यालय जिनिव्हाला आहे आणि देशांच्या कोडची देखभालही तिथूनच होते. मानकाचा पूर्ण दस्तऐवज विकत घ्यावा लागतो, पण कोड त्यांच्या वेबसाइटवरच्या ऑनलाइन ब्राउझिंग प्लॅटफॉर्मवर फुकट बघता येतात. देशाचं नाव टाका, त्याचे तिन्ही कोड आणि खाली राज्यांची यादी येते. इतर वेबसाइटवरच्या याद्या कधीच्या आहेत ते कळत नाही, म्हणून शंका आली तर मूळ ठिकाणीच बघा.

माझ्या काचेखालच्या कागदावर वर तारीख लिहिलेली आहे, कधी तपासला त्याची. प्रत्येक जानेवारीत मी तो नव्यानं उतरवते. आणि स्वतः फॉर्म तयार करायची वेळ आली तर रकान्यावर नुसतं ‘देशाचा कोड’ लिहीत नाही. ‘देश (आयएसओ, २ अक्षरं)’, ‘नागरिकत्व (पासपोर्टवरची ३ अक्षरं)’, ‘फोनचा देश क्रमांक’ असं पूर्ण लिहिते. काकांच्या त्या अर्जावर मी तिन्ही रकान्यांच्या वर पेन्सिलीनं तेवढंच लिहून दिलं, आणि उरलेले दोन त्यांनी स्वतः भरले.